गाडीची नाडीपरीक्षा

चौकात गाडी उभी आहे, पाय क्लचवर आहे आणि स्टीअरिंग हातातल्या हातात थरथरतंय. बाजूच्या कप्प्यातली पाण्याची बाटली डुगडुगते आहे. इंजिनाचा आवाज एकसारखा नाही. मध्येच एक ठोका चुकतो, गाडी हुंदका दिल्यासारखी करते आणि बंद पडेल या भीतीनं तुम्ही उगाचच रेस देत राहता. मग रस्ता मोकळा होतो, तुम्ही पाय दाबता, पण गाडी ढिम्म! मागचा हॉर्नवर हॉर्न वाजवतो आणि ‘बाईच चालवतेय!’ अशा नजरेनं बघत पुढे निघून जातो.

मैत्रिणींनो, ज्यांच्या दारात जुनी मोटार आहे, त्यांतल्या पुष्कळजणींना हे नवं नसेल. उभ्या गाडीची थरथर आणि चालत्या गाडीचा गेलेला दम ही जुन्या गाडीची दोन नेहमीची दुखणी. गॅरेजच्या भाषेत ‘मिसिंग करतेय’ आणि ‘पिकअप नाही’. आपण गॅरेजात जाऊन सांगतो, “कशीतरीच चालते हो.” मग समोरचा माणूस बॉनेट उघडतो, दोनदा रेस देतो आणि एक आकडा सांगतो. तो आकडा बरोबर की चूक, हे ठरवायला आपल्यापाशी काहीच नसतं. ते ‘काहीतरी’ आपल्यापाशी कसं असावं, एवढंच आज मला सांगायचंय. मी काही मेकॅनिक नाही. बी.ए. झालेली, घर सांभाळून अर्धवेळ शाळेत मराठी शिकवणारी बाई आहे. पण गरज पडली की माणूस शिकतं.

आमची गरज जरा निकडीची होती. आम्ही पाचगणीला राहतो. यांची नोकरी पुण्याला, त्यामुळे हे शनिवार-रविवारीच घरी. सासूबाईंचं डायलिसिस साताऱ्याला, दर मंगळवारी आणि शुक्रवारी. पसरणीचा घाट उतरून वाई, तिथून पाचवडला हमरस्त्याला लागून सातारा, असा पाऊणेकशे नाही तरी पंचेचाळीसेक किलोमीटरचा रस्ता. परत येताना तोच घाट चढायचा, तोही मागच्या सीटवर गळून गेलेलं माणूस घेऊन. डायलिसिस झाल्यावर अंगातलं त्राणच जातं, कधी रक्तदाब उतरतो. एस.टी.त उभं राहण्याची ती वेळ नव्हे. आणि लग्नामुंजीसारखं ते ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणून ढकलताही येत नाही.

गाडी सासऱ्यांनी १९९८ साली घेतलेली. छोटी, तीन सिलिंडरची, कार्बोरेटरवर चालणारी. २०२४ च्या जुलैत ती थरथरायला लागली. आठवड्याभरात घाटात दम टाकू लागली. एका शुक्रवारी परतताना पहिल्या गिअरमध्ये चढावं लागलं. दोनदा कडेला थांबले. धुकं एवढं, की मागून येणाऱ्या ट्रकला आम्ही दिसत असू की नाही, कोण जाणे. सासूबाई डोळे मिटून पडल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचा हात सीटच्या कडेला घट्ट धरलेला मला आरशात दिसत होता.

साताऱ्यातल्या एका गॅरेजमध्ये दाखवली. तिथे प्लग बदलले, कार्बोरेटर साफ केला, अठराशे रुपये घेतले. चार दिवसांत पुन्हा तेच. दुसऱ्या खेपेला मालकांनी पाच मिनिटं आवाज ऐकला आणि निकाल दिला, “इंजिनात दम राहिला नाही, बाई. काढावं लागेल. पस्तीस हजार धरून चला. नाहीतर भंगारात द्या, जुनी तर आहेच.”

पस्तीस हजार! भाड्याची गाडी करावी तर जाऊन-येऊन दोन हजार सांगतात. आठवड्याला दोन फेऱ्या म्हणजे महिन्याला सोळा-सतरा हजार. हे फोनवर म्हणाले, “काढून टाकू या, कर्ज काढून दुसरी घेऊ.” मीही ‘बरं’ म्हणण्याच्या बेतात होते. तेवढ्यात पलंगावरून सासूबाई म्हणाल्या, “अगं, माझी किडनी गेली म्हणायच्या आधी डॉक्टरांनी केवढे रिपोर्ट काढले होते! यानं इंजिन गेलं म्हणायला काय बघितलं? रिपोर्ट कुठाय?”

खरंच, रिपोर्ट कुठे होता? कुणी काही मोजलंच नव्हतं.

मग मी आधी इंजिन चालतं कसं ते समजून घेतलं. तुम्हालाही दोन मिनिटांत समजेल. पेट्रोलच्या इंजिनाला तीन गोष्टी लागतात. पहिली, पेट्रोल आणि हवा यांचं योग्य प्रमाण. वजनानं साधारण पंधरा भाग हवा आणि एक भाग पेट्रोल. दुसरी, बरोबर वेळेला पडणारी जोरदार ठिणगी. तिसरी, ते मिश्रण ज्यात दाबलं जातं त्या सिलिंडरची घट्ट झाकण. यातलं एक जरी बिघडलं तरी ठोका चुकतो. आपल्या शेगडीचंच बघा ना. बर्नरची भोकं बुजली की ज्योत पिवळी होते. लायटर ओला झाला की ठिणगी पडत नाही. कुकरची रिंग सैल झाली की कितीही आच द्या, शिट्टी व्हायची नाही. यातल्या प्रत्येक वेळी दोष वेगळा असतो, म्हणून आपण कधी शेगडी फेकून देत नाही.

उभ्या गाडीचं इंजिन मिनिटाला सुमारे आठशे-साडेआठशे फेरे घेतं. तीन सिलिंडरच्या गाडीत एवढ्या वेळात सेकंदाला वीसएक ठिणग्या पडतात. त्या तिघांतला एक सिलिंडर झोपला, तर ताकदीचा तिसरा हिस्सा गेलाच. शिवाय उरलेले दोघे तोल सांभाळू शकत नाहीत, म्हणून सगळी गाडी हलते. चार सिलिंडरच्या गाडीत हीच थरथर जरा कमी जाणवते.

आता गंमत अशी, की वरच्या तिन्ही दोषांची तक्रार एकच वाटते, पण ती केव्हा आणि कशी होते हे नीट पाहिलं तर प्रत्येकाची खूण निराळी असते. मूल आजारी पडलं की डॉक्टर विचारतात ना, ताप सकाळी असतो की संध्याकाळी, थंडी वाजून येतो की नुसता? तसंच हे. मी शाळेतली एक कोरी वही घेतली आणि आठ दिवस लिहीत गेले. इंजिन थंड की गरम, गाडी उभी की चालती, चढ की सपाटी, हवा कोरडी की धुकं, सायलेन्सरमधून धूर कसला, पेट्रोल कधी भरलं. एवढेच रकाने.

आठ दिवसांनी वहीनं चार गोष्टी सांगितल्या.

एक, सकाळी चोक ओढलेला असे तोवर इंजिन शहाण्यासारखं चाले. चोक आत ढकलला की थरथर सुरू.

दोन, उभी असताना थरथर जास्त. सपाटीवर वेग घेतला की पुष्कळ कमी.

तीन, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की हिसके. हे हिसके धुक्याच्या दिवशी फार, कोरड्या दिवशी जवळजवळ नाहीत.

चार, निळा धूर नाही. इंजिनातलं ऑइल कमी होत नाही. रेडिएटरचं पाणीही होतं तेवढंच.

ही वही घेऊन मी वाईच्या एका आडगल्लीतल्या म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेले. प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यापासून कार्बोरेटर खोलणारा माणूस. त्यांनी चष्मा लावून वही वाचली. चोकची ओळ दोनदा वाचली, धुक्याच्या ओळीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, “दोन दुखणी आहेत. एकात एक मिसळलीत.”

मी म्हटलं, “मामा, आधी इंजिन गेलंय की नाही तेवढं मोजून सांगा.”

त्यांनी तिन्ही प्लग काढून फडक्यावर ओळीनं मांडले. मैत्रिणींनो, प्लग म्हणजे इंजिनाची जीभ. टोकाचा रंग भाजलेल्या बिस्किटासारखा असेल तर प्रकृती ठीक. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त पडतंय किंवा हवा कमी मिळतेय. पांढरटफटक असेल तर पेट्रोल कमी पडतंय, इंजिन तापतंय. तेलकट ओला असेल तर ऑइल वर चढतंय. आमचे दोन प्लग बिस्किटी होते. मधला मात्र काळा आणि पेट्रोलनं ओला. म्हणजे पेट्रोल येत होतं, पण पेटत नव्हतं.

प्लग काढलेलेच होते, तेव्हा त्यांनी त्या भोकांत एकेक करून कॉम्प्रेशनचा गेज लावला आणि मला स्टार्टर फिरवायला सांगितलं. हीच ती ‘रिपोर्ट’ची तपासणी. वीस मिनिटांचं काम. तिन्ही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. इंजिनाची झाकण घट्ट होती. पस्तीस हजारांचा प्रश्न तिथेच संपला.

ही तपासणी तुम्ही जरूर लक्षात ठेवा. कुणी ‘इंजिन काढावं लागेल’ म्हटलं, की आधी कॉम्प्रेशनचे आकडे मागा, आणि प्रत्येक सिलिंडरचा वेगळा. सगळे सारखे आणि चांगले असतील तर इंजिन उघडायची घाई नको. एखादा बराच कमी असेल तर त्या भोकात चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायला सांगा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. वाढला नाही तर बहुधा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी असतील तर हेड गॅस्केटचा संशय घ्यावा. या तिन्ही कामांचा खर्च सारखा नसतो, म्हणून हे आधी कळलेलं बरं.

मग राहिली मधल्या सिलिंडरची ठिणगी. दिवेलागण झाली तसा मामांनी पत्र्याच्या उघड्या शेडमधला दिवा मालवला, इंजिन चालू केलं आणि कपड्यांना इस्त्री करताना वापरतो तसल्या फवाऱ्यानं प्लगच्या जाड वायरींवर पाण्याचा हलका शिडकावा केला. मधल्या वायरीवरून एक निळी ठिणगी इंजिनाच्या लोखंडावर उडी मारताना मला स्वच्छ दिसली. वायरीचं रबर चिरलं होतं. या वायरीतून हजारो व्होल्टची वीज जाते. तिला जवळची वाट मिळाली की ती प्लगपर्यंत जातच नाही. कोरड्या हवेत कसंबसं भागत होतं, धुक्यात नाही. आणि चढावर सिलिंडरमधला दाब वाढतो, तेव्हा प्लगच्या फटीतून ठिणगी पडायला जास्त जोर लागतो. म्हणून हिसके नेमके घाटातच! तिन्ही वायरींचा संच बदलला, डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातली हिरवट बुरशी घासून काढली. सहाशे रुपये.

हिसके गेले. उभ्या गाडीची थरथर मात्र थोडी उरलीच. आता चोकच्या ओळीचा अर्थ मला मामांनी सांगितला. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त मिळतं. तेव्हा जर इंजिन सुधारत असेल, तर एरवी त्याला हवा जास्त होतेय. कुठूनतरी चोरून हवा शिरतेय. मामांनी हातभर रबरी नळीचं एक टोक कानाला लावलं, दुसरं कार्बोरेटरच्या बुडाशी फिरवलं आणि एका जागी थांबून नळी माझ्या हातात दिली. बारीक ‘सूंऽऽ’ असा आवाज येत होता. तिथली बोटभर लांबीची रबरी पाइप टोकाला तडकली होती. मामांनी ती चिमटीत दाबून धरली आणि इंजिन एकदम शांत झालं. नवी पाइप चाळीस रुपयांची.

मजुरी पाचशे. एकूण अकराशे चाळीस. त्यानंतरच्या मंगळवारी आम्ही घाट नेहमीसारखा, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये चढलो. सासूबाई सबंध घाटभर झोपल्या होत्या.

आता तुमच्यासाठी खुणा एकत्र देते. कात्रण करून ठेवलंत तरी चालेल.

१. उभी असताना थरथर, वेगात बरी : हवा चोरून शिरत असेल किंवा कार्बोरेटरच्या मंद गतीच्या बारीक भोकात कचरा असेल. रबरी पाइपा आधी पाहाव्यात.

२. उभी असताना ठीक, पण चढावर किंवा वेगात दम तुटतो : पेट्रोल पुरेसं पोचत नाही. पेट्रोलचा फिल्टर, मग पंप. एअर फिल्टर धुळीनं भरला असला तरी दम जातो. तो उजेडासमोर धरून पाहावा, आरपार उजेड दिसला पाहिजे.

३. हिसके, त्यातही ओल्या हवेत आणि चढावर : ठिणगीचं दुखणं. प्लग, वायरी, डिस्ट्रिब्युटरचं झाकण, कॉइल.

४. जितका वेग वाढवावा तितकी गाडी कोंडल्यासारखी होते : सायलेन्सर आतून चोंदला असू शकतो.

५. थंड असो की गरम, उभी असो की चालती, सदासर्वदा एकच सिलिंडर झोपलेला : कॉम्प्रेशन मोजावं.

६. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त. गरम इंजिनातूनही पांढरा धूर येत राहिला आणि रेडिएटरचं पाणी कमी होत असेल, तर हेड गॅस्केट. अशा वेळी गाडी दामटू नये. सकाळच्या थंडीत क्षणभर दिसणारी वाफ वेगळी, तिला घाबरू नका.

क्रम नेहमी फुकटापासून महागाकडे ठेवावा. आधी पाहणं आणि ऐकणं, मग फिल्टर आणि प्लग, मग वायरी आणि पाइपा, मग कार्बोरेटर, आणि अगदी शेवटी इंजिनाला हात. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार वस्तू एकदम बदलल्या तर गुण कशानं आला ते कळत नाही, आणि तीन वस्तूंचे पैसे फुकट जातात. आमटी बिघडली म्हणून आपण मीठ, गूळ आणि चिंच एकदम घालतो का?

घाटमाथ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. पाचगणी समुद्रसपाटीपासून सुमारे १३०० मीटर उंचावर आहे. इथली हवा विरळ, त्यामुळे धडधाकट गाडीचाही दम समुद्रकाठच्यापेक्षा साधारण दहावा हिस्सा कमीच असतो. खाली सेट केलेला कार्बोरेटर वर आला की हवेच्या मानानं पेट्रोल जास्त देतो आणि प्लग काजळतात. म्हणून कार्बोरेटरचं सेटिंग आपण राहतो त्या उंचीवर करून घ्यावं, आणि गाडीची तुलना तिच्या स्वतःच्याच चांगल्या दिवसांशी करावी.

पेट्रोलही आता पूर्वीचं राहिलेलं नाही. त्यात इथेनॉल मिसळतात. २०२२ साली हे प्रमाण देशात दहा टक्क्यांवर होतं, २०२५ साली वीस टक्क्यांवर गेलं. इथेनॉल पाणी शोषून घेतं, टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सुटा करतं, आणि जुन्या पद्धतीच्या रबराला ते मानवत नाही. शिवाय जुन्या कार्बोरेटरला नव्या मिश्रणाप्रमाणे मात्रा बदलता येत नाही. तेव्हा जुनी गाडी असेल तर पेट्रोलच्या पाइपा दर सहा महिन्यांनी दाबून पाहा. चिकट, फुगीर किंवा भेगाळलेल्या दिसल्या तर लगेच बदला, कारण इथे प्रश्न आगीचाही आहे. पेट्रोलचा फिल्टर लवकर लवकर बदला आणि गाडी महिनोन् महिने उभी ठेवू नका.

तुमची गाडी कार्बोरेटरची नसून इंजेक्शनची असेल, तर काम थोडं सोपं आहे. तिच्यात संगणक असतो आणि २०१० नंतरच्या बहुतेक गाड्यांत तो दोषाची नोंदही ठेवतो. डॅशबोर्डवर इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागला, तर गॅरेजमध्ये स्कॅनर लावून कोड काय आला ते वहीत लिहून घ्या. पण कोड म्हणजे निदान नव्हे, बरं का! ‘दुसऱ्या सिलिंडरचा ठोका चुकतोय’ एवढंच तो सांगतो. का चुकतोय, ते शोधायचं राहतंच. अशा गाडीत मामांची एक साधी युक्ती चालते. दुसऱ्या सिलिंडरची कॉइल तिसऱ्यावर लावायची. चूकही तिसऱ्यावर गेली तर दोषी कॉइल. हा दिवा उघडझाप करू लागला तर मात्र वेग कमी करा आणि गाडी लवकरात लवकर थांबवा. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडच्या कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो जळतो, आणि तो फार महाग असतो.

थोडं सावधगिरीबद्दल. बॉनेट उघडून चालू इंजिनाजवळ वाकताना पदर, ओढणी आणि वेणी आवरा. पंखा कधीकधी आपोआप सुरू होतो. प्लगच्या वायरींना चालू इंजिनात हात लावू नका, ते काम मेकॅनिकवर सोडा. बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवू नका, धुरातल्या विषारी वायूला वास नसतो. गरम रेडिएटरचं झाकण तर उघडूच नका.

आणि गॅरेजमध्ये बोलताना? तिथे भांडायला जायचं नाही. चांगल्या मेकॅनिकला नीट सांगणारं गिऱ्हाईक हवंच असतं. ‘कशीतरीच चालते’ ऐवजी ‘गरम झाल्यावर उभी असताना थरथरते, चोक ओढला की थांबते’ असं सांगा. त्याच्याकडून तीन गोष्टी मागा. काय तपासलं, आकडा काय आला आणि काढलेला भाग कुठे आहे. काढलेला भाग घरी आणा. ती तडकलेली पाइप आमच्या सासूबाईंनी त्यांच्या रिपोर्टांच्या फायलीत लावून ठेवली आहे!

कुणी म्हणेल, एवढ्या जुन्या गाडीचा कशाला एवढा सोस? पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पुन्हा नोंदणी करा, तपासणी करा, शुल्क भरा. हे सगळं खरं आहे. आमचीही गाडी एक दिवस थकेल, कॉम्प्रेशनचा आकडा खाली येईल. तेव्हा तो आकडा पाहून आम्ही तिला निरोप देऊ, आणि तेव्हा खर्च करतानाही मन शांत असेल. पण नुसत्या आवाजावरून, कुणाच्या पाच मिनिटांच्या अंदाजावरून घरातले पस्तीस हजार द्यायचे नाहीत, आणि अडीअडचणीला उभी राहणारी गाडी भंगारातही घालायची नाही.

तेव्हा मैत्रिणींनो, आजच एक छोटी वही गाडीच्या कप्प्यात ठेवा. पेन्सिल दोऱ्यानं तिलाच बांधून ठेवा, नाहीतर मुलं पळवतात. आणि गाडी चांगली चालतेय त्या दिवसापासूनच लिहायला लागा. दुखणं ओळखायचं तर आधी प्रकृती माहीत हवी.